शाळेत सैनिकांचा विषय घ्यायचाय? कोकणात नव्याने आलेल्या गुरुजी-बाईंसाठी

जूनमध्ये नवीन शिक्षक हजर होतात, त्यातले बरेच घाटावरचे, बीड, परभणी, सोलापूरकडचे. अजून भाड्याची खोली धड मिळालेली नसते तोवर ग्रुपवर मेसेज येऊन पडतो की २६ जुलैला कारगिल विजय दिवस साजरा करून फोटो टाका. मग काय, यूट्यूबवरचं एखादं देशभक्तीचं गाणं, चार पोरं हिरव्या टीशर्टात, एक पोरगी झेंडा धरून, आणि वर पत्र्यावर पाऊस असा बदाबदा की भाषण पहिल्या रांगेलाही ऐकू येत नाही. फोटो मात्र छान येतात.

मी पण पाच-सहा वर्षं हेच केलं, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाहीये. आता ज्या पद्धतीने करतो ती जरा सविस्तर लिहितोय, कारण नवीन लोक फोन करून विचारतात आणि फोनवर सगळं सांगणं होत नाही.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. एका वर्षी मी लढाईचं नाटुकलं बसवलं. आपले जवान व्हायला सगळा वर्ग तयार, शत्रू व्हायला कुणीच नाही. मी म्हटलं, अरे तू हो, तू उंच आहेस. तो पोरगा गप उभा राहिला. नाटकात बाकीच्यांनी त्याला जरा जास्तच जोरात पाडलं, लोक हसले, टाळ्या पडल्या. तो दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की वर्गातला एकुलता एक मुसलमान पोरगा मी पाकिस्तानी सैनिक म्हणून उभा केला होता. मुद्दाम नव्हतं केलं, पण त्याला काय फरक पडतो. त्याची आजी त्याला हाताला धरून सोडायला आली. भांडली नाही, पडवीत टेकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "गुरुजी, माझे चुलत सासरे आरमारात होते हो, इंग्रजांच्या टायमाला. ते विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

तेव्हापासून नाटक बंद. लढाईचं नाटक मी बसवत नाही आणि तुम्हीही बसवू नका, कारण त्यात एक बाजू लागतेच आणि ती कुणाच्या तरी गळ्यात मारावी लागते.

मग करायचं काय? तर पहिलं काम वर्गात नाही, गावात आहे. तुमची शाळा ज्या वाडीत आहे तिथून, आजूबाजूच्या चार वाड्यांतून कोण कोण फौजेत, नेव्हीत गेलं, कोण आता आहे, कोण परत आलं नाही, हे आधी काढायचं. पोरांनाच पाठवा, पण प्रश्न देऊन पाठवा: आपल्या घरात किंवा शेजारी कुणी सैन्यात होतं का, कधी, घरी कुठली वस्तू आहे का. एवढंच. कोकणात हे सोपं जातं, कारण इथे पूर्वापार एकतर मुंबई गाठायची नाहीतर बोट नाहीतर पलटण, भातावर वर्ष निघायचं नाही, मनीऑर्डरवर घर चालायचं. दापोलीला जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात ते उगाच नाही, तिथे पलटणीतून निवृत्त झालेल्या पेन्शनरांची वस्ती होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले, आणि त्यांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात. चौथीचं पोरगं बाबासाहेबांना ओळखतं पण ते फौजी घरातले होते हे त्याला माहीत नसतं. हे सांगितलं की सैनिक म्हणजे फक्त टीव्हीवरचा बंदूकवाला नाही हे आपोआप कळतं.

दुसरं, दगड शोधा. काही गावांत चावडीच्या, देवळाच्या नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी असते, बऱ्याचदा इंग्रजीत आणि बऱ्याचदा चुन्याखाली गेलेली. त्यावर लिहिलेलं असतं की या गावातून इतके जण १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला गेले आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. मी आधी ज्या शाळेत होतो तिथे शेजारच्या गावात अशी पाटी होती, पोरं तिच्यावर पाय देऊन खिडकीत चढायची. एक दिवस सातवीला घेऊन गेलो, ओल्या फडक्याने पुसली, एकेक अक्षर वाचलं. गेलेल्यांचा आकडा दोन अंकी, मेलेल्यांचा एक अंकी. पोरांनी सगळ्यात आधी काय विचारलं असेल? "सर, नावं कुठायत?"

नावं नाहीत. नुसता आकडा.

हा तास मी दोन दिवस चालवला, कारण इथून सगळं उलगडत जातं. ही माणसं गेली कुठे? फ्रान्स, पूर्व आफ्रिका, आणि आपल्या मराठा पलटणींतली पुष्कळशी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. तिथल्या कुत नावाच्या गावात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ वेढा पडला होता, मराठा पलटणी आत अडकलेल्या, अन्न संपत आलेलं, शेवटी २९ एप्रिल १९१६ला शरणागती आणि मग कैद. बसऱ्याला त्या आघाडीवरच्या लोकांचं मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांच्या वर माणसांचं, पण त्यावर हिंदी म्हणजे भारतीय लोकांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची संख्या टाकली. म्हणजे जे बसऱ्याला झालं तेच आमच्या चावडीवर. पोरांना हे जे लागतं ना, ते कुठल्याही भाषणाने लागत नाही. एक पोरगी म्हणाली, हजेरीत आपलं नाव न घेता "एक मुलगी" म्हटलं तर कसं वाटेल तसं. मी फळ्यावर लिहून ठेवलं ते.

मग नावं शोधायची. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाईट आहे, फुकट आहे, मोबाईलवर चालते. ही संस्था १९१७ साली निघाली आणि दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी तिच्याकडे आहेत. नोंदीत पुष्कळदा वडलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. इथे एक गोम आहे जी नवीन माणसाला माहीत नसते: सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला झाला, त्याआधी सगळं रत्नागिरीच, आणि रायगडचं नावही १९८१पर्यंत कुलाबा होतं. त्यामुळे सिंधुदुर्ग किंवा रायगड टाकून काही मिळणार नाही, रत्नागिरी आणि कुलाबा टाका, सावंतवाडी संस्थान असेल तर सावंतवाडी वेगळं टाकून बघा. स्पेलिंग साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं, म्हणून एकेक आडनाव चार-पाच प्रकारे लिहून बघावं लागतं. नेटवर्क नसेल तर (नसतंच) तालुक्याला जाताना काम करून ठेवा. आणि नाव सापडलंच पाहिजे असा हट्ट नको, नाही सापडलं तरी शोधताना पोरं जे शिकतात ते पुरे आहे.

आता गोष्टी कुठल्या सांगायच्या. माझ्या ठरलेल्या दोन आहेत, दोन्ही आपल्याच पट्ट्यातल्या.

पहिली रामा राघोबा राणे यांची, मूळ कारवारजवळच्या चेंडियाचे. एप्रिल १९४८, जम्मूत नौशेऱ्याहून राजौरीला रणगाडे न्यायचे होते आणि रस्ताच नव्हता, म्हणजे होता पण सुरुंग पेरलेले, मोऱ्या उडवलेल्या, चीडची झाडं आडवी पाडलेली. राणे तेव्हा बॉम्बे इंजिनिअर्समध्ये सेकंड लेफ्टनंट. ८ एप्रिलला काम सुरू करतानाच तोफगोळ्यांचा मारा झाला, त्यांच्या तुकडीतले दोघे गेले, पाच जखमी, त्यात राणे स्वतः. तरी ११ तारखेपर्यंत माणूस सुरुंग काढत, झाडं उडवत, वळणरस्ते तयार करत रणगाड्यांच्या पुढे राहिला. परमवीर चक्र मिळालं आणि ते घ्यायला ते जिवंत होते. ही गोष्ट मी तिसरीपासून कुठल्याही वर्गाला सांगतो, कारण यात कुणाला मारलेलं नाही. रस्ता मोकळा केलाय. आणि रस्ता बंद होणं म्हणजे काय हे आमच्या पोरांना सांगावं लागत नाही, जुलैत घाटात दरड आली की एसटी बंद, दूध बंद, आजारी माणूस तिथेच. मी विचारतो, दरड काढायला कोण येतं? "जेसीबी!" आणि जेसीबीवाल्यावर कुणी गोळ्या झाडत असेल तर? वर्ग गप्प होतो. बस, तिथे थांबायचं, पुढे "म्हणून मुलांनो" वगैरे लावायचं नाही.

दुसरी गोष्ट मोठ्या पोरांसाठी, आठवीच्या पुढे. नायक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद केली, पुढच्याला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून जिंकलेल्या त्याच जागी गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. माणगावात त्यांचा पुतळा आहे, मुंबई-गोवा हायवेने जाणाऱ्या हजारो गाड्या तिथून जातात आणि कुणाला पत्ता नसतो. इटलीत कॅसिनो गावातल्या युद्धस्मारकावर नाव आहे, म्हणजे ज्यांच्या दफनाची-दहनाची जागा माहीत नाही अशांच्या यादीत.

ही सांगितली की कुठलंतरी हुशार पोरगं हात वर करणारच: "सर, पण तो इंग्रजांसाठी लढला ना? बेचाळीसला तर आपण चले जाव म्हणत होतो." हा प्रश्न आला की नवीन शिक्षक गडबडतात आणि विषय बदलतात. बदलू नका हो, तासाचा जीव तिथेच आहे. मी फळ्यावर तीन गोष्टी मांडतो. त्या युद्धात हिंदी सैन्यात २५ लाखांच्या आसपास माणसं होती आणि ती स्वतःहून भरती झालेली होती, घरची परिस्थिती, घराण्याची रीत, पगार, अशा सगळ्या कारणांनी. त्याच वेळी त्याच सैन्यातून कैद झालेले हजारो जण आझाद हिंद सेनेत गेले. आणि समोर इटलीत होते ते नाझी जर्मनीचे लोक. आता बोला. पोरं भांडतात, भांडू दे. पगारासाठी गेला म्हणून त्याचं मरण स्वस्त होतं का, हा प्रश्न एकदा एका पोरानेच काढला, त्याचा मोठा भाऊ अग्निवीरची तयारी करत होता, पहाटे किनाऱ्यावर वाळूत धावायचा. त्या पोराला मी काय उत्तर देणार, बाकीच्यांनीच दिलं.

तिसरी बाजू समुद्राची. इथे राहून नेव्ही सोडली तर गाव हसेल. त्या आजीचे चुलत सासरे ज्या आरमारात होते, त्या रॉयल इंडियन नेव्हीत रत्नागिरीकडची पुष्कळ पोरं होती, हिंदू आणि कोकणी मुसलमान दोन्ही. १८ फेब्रुवारी १९४६ला मुंबईत 'तलवार' या आरमाराच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण केंद्रात संप सुरू झाला, खराब जेवण आणि साहेबांच्या शिव्या यावरून, आणि बघता बघता ७८ जहाजं आणि वीसेक हजार नौसैनिकांपर्यंत पसरला. इंग्रजांचे झेंडे उतरवून काँग्रेसचा, लीगचा आणि कम्युनिस्टांचा असे तिन्ही झेंडे एकत्र लावले होते. माझा देश कुठला, हे त्या पोरांनी तेव्हा कसं ठरवलं असेल, यावर दहावीला निबंध द्या, चांगले येतात. त्या आजीला मी नंतर शाळेत बोलावलं, चुलत सासऱ्यांचा टोपीतला फोटो घेऊन आली, नातू पुढे बसला होता.

आयएनएस खुखरीची गोष्ट सांगताना मात्र सांभाळून. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळ पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. खारवी, गाबीत, दालदी अशा मच्छीमारांच्या वस्तीतल्या शाळेत हे सांगणार असाल तर आधी मुख्याध्यापकांना विचारून घ्या की वर्गात कुणाच्या घरचं माणूस समुद्रात गेलेलं आहे का. बॉडी न मिळणं म्हणजे काय हे त्या पोराला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. तसंच ज्याचे पप्पा आत्ता बॉर्डरवर आहेत त्या पोराचं. त्याला कौतुकाने उभं करून टाळ्या वाजवायच्या नाहीत, आणि त्याच्यासमोर बलिदान, हौतात्म्य असले मोठे शब्द तर अजिबात नाही. आमच्याकडची एक दुसरीतली मुलगी असल्या भाषणानंतर घरी जाऊन रात्रभर पप्पांना फोन लावत होती. शब्दावरून आठवलं, सगळे 'शहीद' म्हणतात, पण सरकारी सैनिकी कागदात तो शब्द नाही. मी लहानांना सरळ 'लढाईत गेले' म्हणतो.

आता पाहुणे बोलावणं. माजी सैनिक सापडत नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी असतं. पण बहुतेक वेळा गरज पडत नाही, गणपतीत नाहीतर शिमग्याला या, सुट्टीवर आलेले जवान प्रत्येक वाडीत भेटतात. गणपतीच्या दिवसांत घरी जाऊन नुसतं सांगून ठेवायचं, कार्यक्रम नंतर. आणि खरं सांगू का, २६ जुलैचा हट्टच सोडा, त्या आठवड्यात रेड अलर्टची सुट्टी पडली नाही तर नशीब. परिपाठात दोन मिनिटं बोला, फोटो टाका आणि खरा कार्यक्रम डिसेंबरात घ्या: ४ डिसेंबर नौदल दिन, ७ डिसेंबर ध्वजदिन, हवा कोरडी, मैदानात चिखल नाही, भात घरात आलेलं असतं त्यामुळे पालकही येतात.

पाहुण्याला भाषण करू देऊ नका. खुर्ची टेबल माईक दिला की तो हवालदार नेता होतो. त्यापेक्षा पोरांना पाच-सहाच्या गटाने त्याच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, घेऊन जा. आमच्याकडचे एक माजी हवालदार, सत्तरी ओलांडलेले, त्यांनी पत्र्याची काळी ट्रंक ओढून आणली, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. उघडली तर डांबराच्या गोळ्यांचा वास, वर घडी घातलेलं राखाडी कांबळं, खाली प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक, तीन मेडल, रिबिनी विरलेल्या, आणि बायकोने पाठवलेली आंतरदेशीय पत्रं सुतळीने बांधलेली. पोरांनी आधी मेडलं हातात घेतली, पण मग सगळे त्या पत्रांकडेच बघत बसले. एकाने विचारलं, "आजोबा, थंय जेवूक काय मेळायचा?" म्हातारा असा हसला! "पुरी-भाजी, डाळ, सगळा मेळायचा रे. पण तीन वर्सां बांगडो बघूक नाय." त्यानंतर तासभर बोलत होते, बर्फात पाय सुन्न व्हायचा ते, जोडीदार गेला ते पण, एवढं मात्र खाली बघून.

पोरांना एक गोष्ट आधी बजावून न्या: "किती जणांना मारलं?" हा प्रश्न विचारायचा नाही. न बजावता नेलं तर पहिला प्रश्न तोच असतो, सगळ्यांचा अनुभव आहे.

पदकांवरून एक जोड देता येते, वेळ असेल तर. परमवीर चक्राचं डिझाईन सावित्री खानोलकर यांनी केलं. जन्म १९१३, स्वित्झर्लंडमधला, लग्न विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी, आणि खानोलकर म्हटल्यावर वेंगुर्ल्याकडची पोरं लगेच कान टवकारतात, खानोली तिथलीच. इंद्राच्या वज्राची चार चिन्हं आहेत त्यावर, दधीची ऋषींनी वज्रासाठी आपली हाडं दिली ती कथा मनात धरून. आजवर २१ जणांना ते मिळालंय, १४ जणांना मरणोत्तर. त्या २१मध्ये राणे आहेत आणि १९६५ला खेमकरणच्या बाजूला रणगाडे फोडणारे अब्दुल हमीदही आहेत. भारतीय म्हणजे कोण, यावर वेगळं व्याख्यान द्यायची गरज उरत नाही, यादी वाचून दाखवा. फक्त अब्दुल हमीदांचं नाव घेताना वर्गातल्या कुणा एकाकडे बघून घेऊ नका, तेही पोरांना कळतं. मला कळायला उशीर झाला.

शेवटचं काम कागदाचं. जे जमेल ते एका जाड वहीत चिकटवा, नाव, गाव, पलटण किंवा जहाज, साल, कुणी सांगितलं, पोरांच्याच अक्षरात. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं तर त्या माणसाला विचारून, आणि आत्ता नोकरीत असलेल्या जवानाची पोस्टिंग, युनिट काही लिहायचं नाही, स्टेटसला तर नाहीच. फोटोची झेरॉक्स करायला तालुक्याला न्यावी लागते, तेव्हा मूळ फोटो स्वतः न्या, पोराच्या दप्तरात देऊ नका, पावसात एकदा गेला तर गेला. आणि संध्याकाळच्या आत ज्याचा त्याला घरी नेऊन द्या, चहाला थांबवतील, थांबा.